‘थांबा’चा काना

पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत सतरा पायऱ्या उतरून खाली गेलं की नेमबाजीची रेंज लागायची. वर निळं पाणी, ओल्या पायांचे ठसे आणि पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या शिट्ट्या. खाली लांबट, दोन्ही कडांना खांब असलेलं तळघर. त्यात आठ जणांना ओळीनं उभं राहण्यासाठी आठ जागा, प्रत्येक जागेपुढे कमरेइतक्या उंचीची लाकडी फळी, आणि पंचवीस पावलांवर वाळूच्या पोत्यांची भिंत. आठ जागांच्या मागे जमिनीवर एक पिवळी रेघ होती. त्या रेघेमागे हात पाठीशी बांधून, रबरी तळव्यांचे बूट घालून, एक बाई गेली एकतीस वर्षं येरझाऱ्या घालत होती.

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. सगळे तिला थांबाबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तिचा नवराही फोनवर बिनदिक्कत म्हणायला लागला, “थांबाबाई आहेत का? घरून बोलतोय.”

नाव पडलं ते आवाजामुळे. अंगानं किरकोळ, उंचीनं फळीच्या वर जेमतेम हातभर. पण रेंजवर काही वावगं दिसलं की ती तोंड उघडायची आणि एक शब्द फेकायची. “थांबाऽ!” ‘थां’वर ती फार वेळ काढत नसे. सगळा जोर ‘बा’वर. जबडा पार खाली जायचा, आणि तो ‘आ’ वाळूच्या भिंतीला शिवून परत यायचा. कानांवर आवाज अडवणारे जाड डबे चढवलेल्या माणसालाही तो ऐकू जायचा. नेमबाज म्हणत, “बाईंचा ‘थांबा’ कानानं ऐकत नाहीत, बरगड्यांनी ऐकतात.”

तो ऐकला की काय करायचं ते ठरलेलं होतं. बोट चापाबाहेर. बंदुकीचं तोंड भिंतीकडे. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, बंदूक उघडी करून फळीवर ठेवायची, पिवळ्या रेघेच्या मागे यायचं. आणि येता येता तोच शब्द स्वतः म्हणून शेजाऱ्याला पोचवायचा. कोण चुकलं, का चुकलं, हे सगळं नंतर.

आवाज तिला बापाकडून मिळाला होता. बाप भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. लेक तेविसाव्या वर्षी या तळघरात आली ती मात्र झाडूवाली म्हणून. गोळ्या झाडून झाल्या की पितळी पुंगळ्या झाडून बादलीत भरायच्या, एवढंच काम. बंदुकीकडे बघायचीसुद्धा नाही. एका दुपारी पहिल्या जागेवरचे एक साहेब आपल्या गोळ्या संपवून, कानांवरचे डबे काढून, आपला निशाणाचा कागद बघायला सरळ भिंतीकडे चालू लागले. सहाव्या जागेवर एक जण अजून नेम धरून उभा होता. देखरेखीचा माणूस रजिस्टरात डोकं घालून बसलेला. तेव्हा कोपऱ्यातून हातात झाडू घेतलेली पोर ओरडली. सहाव्या जागेवरच्या माणसाचं बोट चापावरून असं सुटलं, की जणू चाप तापला होता.

तो माणूस म्हणजे मेडलकाका. तेव्हा काका नव्हते, पण मेडलं होती. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं, घाम पुसला आणि तिला म्हणाले, “झाडू ठेव. उद्यापासून रेघेमागे तू उभी राहा.”

मेडलकाकांनीच तिला सगळं शिकवलं. ती बंदूक उघडायला शिकली, बंद करायला शिकली, नेम धरायलाही शिकली. पण तिचा जीव रमला तो रेघेमागेच. तिथून तिला आठ पाठी, सोळा खांदे दिसायचे. कोणाचा खांदा आता वळणार, हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं.

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी बंदूक देतच नसे. आधी एक तास बोलायची. आणि जुन्यांनाही वर्षातून एकदा तोच तास बसवायची. वीस वर्षं झालेल्यालाही तोच, वीस दिवस झालेल्यालाही तोच. “प्रत्येक बंदूक भरलेलीच. तुमची, माझी, आत्ता उघडून पाहिलेलीसुद्धा. तोंड कायम भिंतीकडे. नेम धरून मारायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते माहीत नसेल तर मारायचं नाही. समोर माणूस गेला असेल तर फळीकडे हात न्यायचा नाही. समोर म्हणजे कागद बदलायला गेलेला माझा बापसुद्धा माणूसच.”

तिच्या रेंजवर एका शब्दाला बंदी होती. रिकामी. कोणी बंदूक पुढे करून “रिकामी आहे” म्हणालं की ती कंबरेवर हात ठेवायची. “रिकामी हा शब्द इथं फक्त खुर्चीसाठी. बंदुकीला म्हणायचं, ‘पाहिली’. तुम्ही देताना पाहिली, मी घेताना पाहिली. दोनदा.”

दातांचा एक डॉक्टर तिथं यायचा. तो एकदा वैतागला. “अहो बाई, आत्ता तुमच्यासमोर पाहिली की!”

“मग परत पाहा. तुम्ही दात उपटण्याआधी एकदाच बघता?”

“दोनदा बघतो.”

“आणि दात तर तुमच्यावर सुटतसुद्धा नाही.”

एकतीस वर्षं अशी गेली. एकाही माणसाला खरचटलं नाही. आणि मग एका थंडीत तिचा आवाज बसला तो उठेचना. गूळ-पाणी झालं, गुळण्या झाल्या, शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं. स्वरपट्टीवर मोहरीएवढी गाठ.

“साधी आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. ओरडलात, तर मग जन्मभर खुणांनी बोलायची तयारी ठेवा.”

तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’च्या. घरी आल्यावर त्यानं ब्रश काढला आणि पुठ्ठ्याची तीन कार्डं रंगवून तिच्या हातात दिली. पहिल्यावर ‘हो’. दुसऱ्यावर ‘नाही’. तिसऱ्यावर, चांगल्या ठसठशीत अक्षरात, ‘किती वेळा सांगितलं’.

“तुझं नव्वद टक्के बोलणं यात आलं,” तो म्हणाला. “उरलेल्यासाठी पाटी-खडू.” आणि पुढे म्हणाला, “लग्न झाल्यापासून माझं वाक्य आज पहिल्यांदा पुरं झालं बघ.”

तिनं तिसरं कार्ड वर केलं.

घरात हसणं जमलं. रेंजवर जमेना. इमारतीचे चिटणीस सज्जन होते, पण बंदूक त्यांना फक्त कागदावर माहीत होती. त्यांनी तिला वर बोलावून खुर्ची दिली. “बाई, तुम्ही आता वर या. तलावाच्या प्रवेशाच्या खिडकीत बसा. तिथं आवाज लागत नाही. खाली आवाजाशिवाय रेंज चालवणं म्हणजे उद्या काही झालं तर उत्तर मी द्यायचं.”

ती खिडकी तिला माहीत होती. ओले अर्ज, हरवलेले टॉवेल, आणि काचेत बोटं आत जातील एवढं भोक. तिनं पाटीवर लिहिलं, “चार रविवार द्या.”

“चार रविवारांत आवाज येणार आहे?”

तिनं ‘नाही’चं कार्ड वर केलं आणि पाटीवर पुन्हा तेच लिहिलं. चिटणिसांनी मान डोलावली. चार रविवार. पाचव्या रविवारी ते स्वतः खाली येऊन बघणार, आणि मग ठरवणार.

जिन्यात मेडलकाका भेटले. ते आता सत्तरीचे झाले होते, केस पिंजलेले, पण हात अजून दगडासारखा स्थिर. इमारतीच्या समितीतही तेच सगळ्यांत जुने. “काळजी करू नकोस पोरी,” ते म्हणाले. “माझा शब्द चिटणीस खाली पडू देत नाहीत. मी आहे ना.”

तिनं हात जोडले. मनातून मात्र तिला माहीत होतं की काकांच्या शब्दावर राहिलेली रेंज म्हणजे उसनी रेंज.

पहिल्या रविवारी तिनं शिट्टी आणली. वाजवली, तर एकानंही मान वळवली नाही. वरून, तलावावरून, दिवसभर शिट्ट्याच ऐकू येत. त्यांतली कुठली खालची हे कोणाला कळणार? मग लाल दिवा लावून पाहिला. पण नेम धरणारा माणूस निशाणाकडे बघतो, दिव्याकडे बघत नाही. दातांच्या डॉक्टरानं ध्वनिक्षेपक आणून त्यात स्वतः ‘थांबा’ म्हणून दाखवलं. तळघरात त्याचा “बा-बा-बा-बा” असा काही घुमला, की सगळ्यांना वाटलं कोणी तान्हं मूल आलंय.

ती बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागली. नवऱ्यानंच रंगवलेली. सहा नियम. शेवटचा, सर्वांत मोठ्या लाल अक्षरात: ‘धोका दिसेल त्याने म्हणावे: थांबा. कोणीही. कोणालाही.’

कोणीही. एकतीस वर्षं तो शब्द तिथं होता, आणि एकतीस वर्षांत तिच्या आधी, आपणहून, तो कोणीही उच्चारला नव्हता. सगळ्यांच्या वाटणीचं ओरडणं ती एकटीच ओरडून बसली होती.

दुसऱ्या रविवारपासून तालीम सुरू झाली. बंदुका उघड्या, दोनदा पाहिलेल्या, फळीवर. माणसं पिवळ्या रेघेमागे. नवऱ्यानं कोरून निळ्या रंगानं रंगवलेलं एक लाकडी पिस्तूल हातात घेऊन बाई जागेवर उभी राहायची आणि मुद्दाम चुका करायची. बोट चापावर ठेवायची. बोलता बोलता मागे वळायची. ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं.

पहिल्या तालमीची पुरती दाणादाण उडाली. दातांचा डॉक्टर म्हणाला, “अं... एक मिनिट हं.” बसचा कंडक्टर आवाजाला पक्का, पण सवयीनं ओरडला, “चला पुढे!” सगळे एक पाऊल पुढे आले. आणि नवी आलेली ग्रंथपालबाई हिनं ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “शूऽऽ.”

तळघर हसण्यानं भरून गेलं. ग्रंथपालबाई कानापर्यंत लाल झाली.

ती रेंजवर आली होती त्याचं कारणही जरा वेगळं होतं. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली तिला एक पिस्तूल सापडलं होतं. परवाना होता, पण ती दोन दिवस त्या कपाटाजवळ झोपलीच नाही. तिनं त्याला हात लावला नाही, खोलीला कुलूप लावलं आणि पोलिसांत कळवलं. एक हवालदार येऊन ते घेऊन गेला. जाताना त्यानं ते उघडलं, तर आत गोळी. “बाबा म्हणायचे, रिकामं आहे,” एवढंच तिनं थांबाबाईला सांगितलं होतं. “मला ते उघडायला शिकायचं होतं. आता घरात नाही, तरी शिकायचंय.” थांबाबाईनं तिला त्याच दिवशी तासाला बसवलं.

“मला ओरडता येणार नाही हो,” ग्रंथपालबाई म्हणाली. “मी आयुष्यभर लोकांना हळू बोला म्हणत आलेय. आणि समजा काकांचीच चूक दिसली, तर? ते केवढे मोठे. ‘काका, जरा थांबता का’ असं म्हटलं तर चालेल?”

थांबाबाईनं लिहिलं, “तोवर गोळी जाऊन येईल.”

मेडलकाका मिशीत हसले. “हे बघा, ‘थांबा’मध्ये शेवटी काना आहे की नाही? सगळा मान त्या कान्यात आहे. अहोजाहो वेगळं लावायला नको. बिनधास्त ओरडा. मला राग येणार नाही.”

तिसऱ्या रविवारपर्यंत डॉक्टरचं ‘एक मिनिट’ गेलं. कंडक्टर ‘चला’ गिळून ‘थांबा’ म्हणायला लागला. ग्रंथपालबाईचा आवाज फळीपर्यंत यायचा आणि तिथं बसायचा. थांबाबाई तिच्या पोटावर पाटीची कड टेकवून खूण करायची: इथून. घशातून नाही, इथून.

चौथा रविवार. रेंज भरलेली. बाई दुसऱ्या जागेच्या मागे होती. तिथं कंडक्टरचं मॅगझिन अडकलं होतं आणि तो ते धसमुसळेपणानं ओढत होता. पाचव्या जागेवर ग्रंथपालबाई, नुकतीच आपल्या गोळ्या संपवून, पिस्तूल उघडं ठेवून, हात मागे घेऊन उभी. सहाव्यावर मेडलकाका.

काकांनी चाप ओढला. खट्. गोळी उडाली नाही.

अशा वेळी काय करायचं हे तळघरातल्या खुर्चीलाही माहीत होतं. तोंड भिंतीकडे धरून ठेवायचं, सावकाश साठ अंक मोजायचे, मग उघडायचं. कारण न उडालेली गोळी उशिरानं उडू शकते. काकांनी हे शेकडो लोकांना शिकवलं होतं. पण चाळीस वर्षांत त्यांच्या हातात जेवढ्या गोळ्या उडाल्या नव्हत्या, त्या सगळ्या फुसक्याच निघाल्या होत्या. ते वैतागून म्हणाले, “ही बघ, पुन्हा फुसकी!” आणि ती बाईला दाखवायला, पिस्तूल हातात तसंच धरून, डावीकडे वळले.

थांबाबाईला खांदा दिसला. खांद्याच्या आधी मान दिसली. तिनं तोंड उघडलं, जबडा पार खाली नेला, आणि आतून नुसती हवा आली. रिकाम्या पिशवीतून येते तशी. नळीचं तोंड भिंतीवरून सरकलं, बाजूच्या खांबावरून सरकलं, आणि पाचव्या जागेकडे येऊ लागलं.

“थांब!”

आवाज फार मोठा नव्हता. पण तो पोटातून आला होता आणि अगदी जवळून आला होता. काकांचा हात होता तिथं गोठला. पुढच्याच क्षणी, मेंदूच्या आधी हातालाच आठवल्यासारखा, तो परत भिंतीकडे गेला. “थांबा! थांबा!” ओळीत शब्द पुढे गेला, बंदुका फळ्यांवर टेकल्या, माणसं रेघेमागे आली. एकटे काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि साठ अंक मोजत राहिले. मग त्यांनी पिस्तूल उघडलं. गोळी फळीवर पडली. बुडाला पिस्तुलातल्या पिनेची एक पुसट खूण.

काहीच झालं नव्हतं.

काका वळले, आता मोकळ्या हातांनी, आणि पहिला प्रश्न त्यांनी ग्रंथपालबाईला केला. “थांब? मला थांब म्हणालात तुम्ही?”

ग्रंथपालबाई एक पाऊल मागे सरली. “काका, माझ्या तोंडून... मी काना विसरले.”

“सत्तर वर्षांच्या माणसाला? नातवाला हाक मारल्यासारखं?” त्यांचा चेहरा गोळीपेक्षा कान्यानं जास्त दुखावलेला होता. मग ते थांबाबाईकडे वळले. “तुझ्या हातात झाडू होता, तू पोर होतीस, तरी काना विसरली नव्हतीस.”

बाईनं पाटी पुसली आणि लिहिलं, “तेव्हा मला वेळ होता. ते साहेब तुमच्या नेमापासून अजून दोन पावलं लांब होते.”

“अगं, पण फुसकी होती!”

तिनं लिहिलं, “हे नंतर कळलं.”

वर तलावात कोणीतरी पाण्यात उडी मारली, तिचा धप्प आवाज छतातून आला.

खडू अजून तिच्या हातात होता. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. रेघेवर बंदूक फिरवणाऱ्या प्रत्येकाला तिनं ते ऐकवलं होतं. पण समोर तो माणूस होता, ज्यानं तिच्या हातातला झाडू काढून घेतला होता. आणि पुढच्या रविवारी चिटणीस येणार होते, आणि त्यांच्यापुढे बाईच्या बाजूनं बोलणारा हाच एक माणूस होता. हे वाक्य लिहिलं की तो बोलणार नाही. मग ती ओली खिडकी.

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं. “चार रविवार बंदूक नाही, मागचा बाक. आणि नवशिक्यांचा तास पुन्हा.”

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, ठेवण्याआधी उघडून पाहिलं, आणि सवयीनं बाईपुढे धरलं. तिनंही पाहिलं. पेटीला कुलूप लागलं, आणि काका सतरा पायऱ्या चढून वर गेले.

ग्रंथपालबाई बाकावर बसून रडत होती. बाई तिच्याजवळ गेली आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. “काना विसरलात. ओरडायचं नाही विसरलात.”

घरी नवऱ्यानं सगळं पाटीवरून वाचलं, तीनदा पुसून लिहिलेलं. मग त्यानं चष्मा काढला. “म्हणजे तू खिडकीत बसणार हे आता नक्की?”

तिनं ‘हो’चं कार्ड वर केलं.

“काकांना नुसती समज देऊन सोडता नसतं आलं?”

‘नाही’.

“मी म्हणतो, एकदाच...”

तिनं तिसरं कार्ड वर केलं, आणि त्यानं स्वतःचीच अक्षरं वाचून मान खाली घातली.

पाचव्या रविवारी चिटणीस खाली उतरले तेव्हा रेंज थांबलेली होती. कागद बदलायची वेळ. फळ्यांवर बंदुका उघड्या, आणि सातही माणसं समोर वाळूच्या भिंतीजवळ, दाभणांनी नवे कागद टाचत. थांबाबाई त्यांच्यामागे अर्ध्या वाटेवर, एका खांबाजवळ होती. मागे कोणी नव्हतं.

म्हणजे, कोणी नसायला हवं होतं. पण मागच्या बाकावर मेडलकाका बसले होते. कधी आले ते कोणाला कळलं नाही. पेटी नाही, डबे नाहीत, हात गुडघ्यांवर. नवशिक्यांच्या तासाचा छापील कागद घडी करून खिशात.

“वा काका, तुम्ही आहात होय,” चिटणीस म्हणाले आणि इकडेतिकडे बघत पिवळी रेघ ओलांडून चौथ्या जागेपाशी गेले. “आज शांत आहे अगदी. ही कोणाची हो? नाजूक दिसते. रिकामी असेलच म्हणा...” आणि त्यांनी फळीवरच्या पिस्तुलाकडे हात नेला.

“थांब!”

मागच्या बाकावरून आला तो. चाळीस वर्षं शेजाऱ्यापुरताच वापरलेला, गंजलेला, पण दणदणीत. आणि तो विरायच्या आधी समोरच्या भिंतीपासून “थांबा!” आला, कंडक्टरचा, डॉक्टरचा, आणि या सगळ्यांच्या वर, आता चांगला मोकळा झालेला, ग्रंथपालबाईचा. सगळी माणसं खांबांच्या आडोशाला सरकली. चिटणिसांचे दोन्ही हात छताकडे गेले आणि चष्मा नाकावरून छातीवर आला.

“थांब?” ते मागे वळून म्हणाले. “काका, तुम्ही मला थांब म्हणालात?”

“काना घालायला वेळ नव्हता,” मेडलकाका म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. ते आधी थांबाबाईकडे आणि मग ग्रंथपालबाईकडे बघायला लागले. ग्रंथपालबाईनं तोंडावर हात ठेवला होता, पण डोळे हसत होते. काकांनी तिच्याकडे बघून मान लववली, अगदी थोडी. रंगमंचावर मोठा नट पडदा पडताना लववतो तेवढीच.

मग ते चिटणिसांना म्हणाले, “हात खाली घ्या, फळीपासून लांब. समोर माणसं असताना इथं कोणी बंदुकीला हात लावत नाही. समोर तुमचा बाप असला तरी.” जरा दम घेतला. “या बाईचा आवाज गेला म्हणून हिला वर न्यायचं म्हणत होतात ना? आत्ता किती आले ते मोजलेत का?”

चिटणिसांनी चष्मा नाकावर चढवला. भिंतीजवळची माणसं बघितली, पाटीवरचा सहावा नियम बघितला, आणि स्वतःचा हात बघितला. “बाई,” ते म्हणाले, “खिडकीत बसायला दुसरं कोणी मिळेल मला.” मग पायरीवर पाय ठेवून वळले. “आणि तो तुमचा तास... तो बंदूक न चालवणाऱ्यांनाही बसता येतो का?”

तिनं ‘हो’चं कार्ड वर केलं. ते गेल्यावर पाटीवर तीन शब्द लिहून ती मेडलकाकांपुढे धरली. “तीन रविवार राहिले.”

“मोजतोय,” काका म्हणाले आणि खिशातला कागद उघडून वाचायला लागले.

सहा आठवड्यांनी गाठ विरली आणि आवाज परत आला, पण अर्धाच. बोलायला पुरे, वाळूच्या भिंतीला शिवायला नाही. तिनं त्याची फार खंत केली नाही. जुनी पाटी पोपडे धरत होती म्हणून नवरा तीच पुन्हा रंगवायला खाली आला. स्टुलावर चढला, पाच नियम उतरवले, सहाव्यावर येऊन थबकला.

“काना ठेवू का काढू?” त्यानं खाली विचारलं. “कान्यावरून इथं बरंच काही झालं म्हणतात.”

बाकावर मेडलकाका आणि ग्रंथपालबाई शेजारी शेजारी बसून एक अडकलेलं मॅगझिन सोडवत होते. दोघांनी माना वर केल्या.

“राहू दे,” थांबाबाई आपल्या नव्या बारीक आवाजात म्हणाली. “ज्याला वेळ असेल तो घालील.”

“मग बारीक काढतो,” नवरा म्हणाला.

त्यानं ‘थांब’ जाड ब्रशानं काढला आणि काना सगळ्यांत बारीक ब्रशानं. पिवळ्या रेघेवरून वाचलं तर तिथं ‘थांब’ दिसतो. काना बघायचा असेल तर जवळ जावं लागतं.